एलियाहूची टिंबं

गेली पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरतेय. मुद्रितशोधन हे त्या कामाचं कागदावरचं नाव. छापखान्यात मला 'प्रूफवाल्या बाई' म्हणतात आणि घरी 'हिच्यासमोर सामानाची यादीसुद्धा लिहू नका' म्हणतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, टिंब, एवढाच माझा संसार.

त्यातल्या टिंबाने एकदा मला चांगलंच तोंडावर पाडलं. ओळखीतल्या एका गृहस्थांच्या पंच्याहत्तरीचा गौरव अंक होता. तिन्ही प्रुफं मीच पाहिलेली. अंक छापून, बांधून, हारतुऱ्यांच्या समारंभात वाटून झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खुद्द उत्सवमूर्तींचा फोन आला. "बाई, बाविसाव्या पानावर मी आयुष्यभर समाजाची चिता वाहिलीय." मी पान उघडलं. चिंतेवरचं टिंब गेलेलं. मी माफी मागायला लागले तर म्हणाले, "असू दे हो. माझी वेळ आली की मात्र नीट रचा."

ते हसले म्हणून मीही हसले. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. अक्षरं लेखकाची असतात, पण टिंबाची जबाबदारी कुणाची? बऱ्याच लेखकांच्या हस्तलिखितात टिंबं नसतातच. ती आम्ही देतो. वाचणाऱ्याला वाटतं, लेखकाने दिली. म्हणजे पुस्तकातला काही भाग माझा आहे आणि तो माझा आहे हे कुणालाही ठाऊक नाही. बरंच आहे म्हणा. पण त्या रात्री ते बरं वाटलं नाही.

मी मूळची अलिबागची. आमच्या घरापासून इस्रायल आळी चालत पाच मिनिटांवर. तिथे आमच्याकडचे ज्यू राहायचे. बेने इस्रायल हे त्यांचं पुस्तकातलं नाव. कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. ओळखीच्या एक मावशी होत्या. त्यांच्याकडे मलिदा झाला की ताट आमच्याकडे यायचं. भिजवलेले गोड पोहे, वर ओलं खोबरं, बाजूला फळं. त्याआधी घरात 'एलियाहू हन्नाबी'चं गाणं व्हायचं. नाबी म्हणजे पैगंबर. हा एलियाहू वावटळीतून, अग्नीच्या रथातून स्वर्गाला गेला अशी बायबलातली कथा, आणि जाताना त्याचा रथ आमच्या अलिबागजवळ खंडाळ्याच्या कातळाला टेकून गेला अशी आमच्याकडची. चाकाची खूण दाखवतात, 'एलियाहू हन्नाबीचा टप्पा' म्हणतात. त्यामुळे लहानपणी मला एलियाहू हा आमच्याच तालुक्यातला कुणी देव वाटायचा, कनकेश्वरासारखा.

बऱ्याच वर्षांनी बेने इस्रायलांवरच्या एका पुस्तकाची प्रुफं माझ्याकडे आली. त्यात एक साधी ओळ होती. मुंबईतले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वं मराठीत छापली. मी आकडा दोनदा तपासला. दादोबा पांडुरंगांचं मराठीचं व्याकरण छापून यायला अजून चार वर्षं होती! प्रूफ वाचताना मजकुरात रमायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. रमलात की डोळा चूक गिळतो. पण मी रमले. स्कॉटलंडच्या पाद्र्याला हिब्रूचं व्याकरण आलं कुठून? त्याच्या गुरूला कुणी शिकवलं? त्याच्या गुरूला? असं मागे मागे जात मी सोळाव्या शतकातल्या व्हेनिसमध्ये पोचले. तिथे एका छापखान्यात एक म्हातारा प्रुफं तपासत बसलेला सापडला. त्याचंही नाव एलियाहू.

एलियाहू बेन आशेर हालेवी. ख्रिस्ती पंडित त्याला एलियास लेविता म्हणतात, ज्यू परंपरेत तो 'एलियाहू बाखुर'. बाखुर म्हणजे तरुण मुलगा, आणि पारखून निवडलेला असाही त्याचा अर्थ. मी त्याचा उल्लेख एकेरीतच करणार. एकाच धंद्यातल्या माणसांना अहोजाहो परवडत नाही.

जन्म 1469 चा, जर्मनीत न्यूरेंबर्गजवळच्या नॉयश्टाट गावचा. त्या मुलखात ज्यूंना एकेका गावातून हाकलून देण्याचे ते दिवस. हा दक्षिणेला उतरून इटलीत आला आणि 1504 मध्ये पडुआत मुलांना व्याकरण शिकवताना दिसतो. मोशे किम्ही या जुन्या व्याकरणकाराच्या छोट्या पुस्तकावर त्याने तिथे टीका लिहिली आणि नक्कल करायला एका लेखनिकाच्या हाती दिली. लेखनिकाने नक्कल केली, मध्ये दुसऱ्या कुठल्याशा पुस्तकातले उतारे घुसडले आणि 1508 मध्ये पेझारोला सगळं छापून मोकळा झाला. एलियाहूचं नाव कुठेही नाही. ते पुस्तक तुफान चाललं. पुढे युरोपभर ख्रिस्ती विद्यार्थी त्याच्यावरून हिब्रू शिकले, त्याचं लॅटिन भाषांतर झालं. मूळ लेखकाला आपल्या नावाने दुरुस्त आवृत्ती काढायला 1546 उजाडलं. अडतीस वर्षं! एवढा काळ आपलं पुस्तक दुसऱ्याच्या चुकांसकट लोकांच्या हातात बघायचं. चोरीपेक्षा त्या घुसडलेल्या उताऱ्यांनीच त्याचा जीव खाल्ला असणार, असं मला आपलं वाटतं.

पडुआतच 1507 च्या सुमाराला त्याने एक भलतीच गोष्ट केली. ज्या भाषेत घरी आई रागावायची त्या यिद्दिशमध्ये, म्हणजे जर्मनीकडच्या ज्यूंच्या बोलीत, एका शूर सरदाराची पद्यकथा लिहिली. मूळ कथा इंग्लंडकडची, तिचा इटालियन अवतार त्याच्या हाती लागलेला. इटालियन कवींची आठ ओळींची कडवी यिद्दिशमध्ये बसवून त्याने साडेसहाशे कडवी रचली. नायकाचं नाव बोवो. पुढे लोक नायकाला विसरले, 'बोवो'चं 'बोबे' म्हणजे आजी झालं, आणि कुठल्याही न पटणाऱ्या कथेला यिद्दिशमध्ये 'बोबे मायसे' म्हणायची पद्धत त्यातूनच रूढ झाली असं सांगतात. आजीबाईच्या गोष्टी! एका स्वरात काय काय बदलतं बघा. व्याकरणकाराच्याच पुस्तकावर हा प्रसंग यावा.

1509 मध्ये युद्धात पडुआ लुटलं गेलं. एलियाहूचं होतं नव्हतं ते गेलं. काही काळ व्हेनिस, आणि मग रोम.

रोमला एजिदियो दा व्हितेर्बो नावाचा ऑगस्टीनियन पंथाचा प्रमुख होता, लवकरच कार्डिनल होणारा. त्याला हिब्रू शिकायची होती. नुसती जुजबी नव्हे, कबाला या ज्यू गूढविद्येचे ग्रंथ मुळातून वाचण्याइतकी. तो काळच तसा होता. मुळाकडे चला, भाषांतरांवर विसंबू नका, हा त्या पिढीचा ध्यास. ग्रीक शिकवायला ग्रीक माणसं मिळत होती. जर्मनीत योहानेस रॉयख्लिनने 1506 मध्ये लॅटिनमधून हिब्रूचं व्याकरण लिहिलं होतं, पण पुढचं शिकायचं तर ज्यू गुरूच लागणार; आणि ज्यूला तर गावात राहायची चोरी. एजिदियोने यातून सोपा मार्ग काढला. एलियाहूला बायकामुलांसकट स्वतःच्याच वाड्यात ठेवून घेतलं. बारा-तेरा वर्षं हा ज्यू मास्तर कार्डिनलच्या घरी राहिला. त्याला हिब्रू शिकवली, त्याच्यासाठी पोथ्यांच्या नकला केल्या आणि बदल्यात त्याच्याकडून ग्रीक शिकून घेतली. स्वयंपाकघरं वेगळी असणार हे उघड आहे. पण सकाळी एका टेबलाशी एक झगेवाला आणि एक दाढीवाला क्रियापदं चालवतायत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

इथेच त्याने 'सेफेर हा-बाखुर' हे व्याकरण लिहिलं आणि कार्डिनलला अर्पण केलं. चार भाग, प्रत्येकी तेरा प्रकरणं, एकूण 52. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते, आणि 'एलियाहू' या नावातल्या अक्षरांची बेरीज 52. अनुक्रमणिकेतच सही ठोकली गड्याने. एकदा पुस्तक चोरीला गेलेला माणूस अशी काळजी घेणारच.

मे 1527 मध्ये सम्राटाच्या बेलगाम फौजेने रोम लुटलं. एलियाहूचं घर गेलं, लिहिलेले कागद गेले. वय अठ्ठावन्न. दुसऱ्यांदा शून्यावर येऊन तो व्हेनिसला परतला आणि दानिएल बॉम्बर्गच्या छापखान्यात प्रुफं तपासायला बसला.

या छापखान्याविषयी मला किती वाचू असं झालं होतं. बॉम्बर्ग अँटवर्पचा ख्रिस्ती व्यापारी. व्हेनिसने 1516 मध्ये ज्यूंना घेट्टोत, म्हणजे वेगळ्या बंदिस्त वस्तीत, कोंडलं, रात्री दरवाजे बंद, बाहेर पडताना ओळखीची टोपी सक्तीची. त्याच गावात, त्याच वर्षांत हा ख्रिस्ती माणूस ज्यूंचे धर्मग्रंथ छापत होता. संपूर्ण तालमूद, म्हणजे ज्यू धर्मशास्त्रावरच्या चर्चांचा महाग्रंथ, पहिल्यांदा छापला तो त्यानेच, 1520 ते 1523 मध्ये. त्या आवृत्तीची पानं जशी पडली तशीच आजही तालमूदची पानं पडतात. ज्यू मुद्रितशोधकांना टोपीच्या जाचातून सूट मिळावी म्हणून त्याने सरकारकडे अर्ज केला होता. आमच्या धंद्याच्या इतिहासात मालकाने प्रूफवाल्यासाठी अर्ज केल्याची दुसरी नोंद मला तरी सापडलेली नाही.

आता टिंबांकडे येते, कारण त्यासाठीच हा सगळा प्रपंच.

हिब्रू लिपीत मुळात व्यंजनंच लिहितात. स्वर वाचणाऱ्याने आपल्या डोक्यातून घालायचे. ज्यांनी मोडी वाचलीय त्यांना यातली गंमत आणि धास्ती थोडीफार कळेल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ बघत नाहीत, शब्द तोडत नाहीत, तरी वाचणारा वाचतो, कारण पत्रात काय असणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. 'ध'चा 'मा' करायला आनंदीबाईंना निदान एक अक्षर खोडावं लागलं, असं आपली गोष्ट सांगते. हिब्रूत खोडायचीही गरज नाही. अक्षरं तशीच ठेवायची, स्वर बदलायचा.

एक उदाहरण जवळून बघा. बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकात म्हातारा याकोब मरणाच्या दारात असताना वाकून नमन करतो. कशावर? तिथे तीन अक्षरं आहेत: म, ट, ह. 'म'खाली एक टिंब आणि 'ट'खाली छोट्या इंग्रजी टीसारखी खूण दिली की शब्द होतो 'मित्ता', म्हणजे बिछाना. 'म'खाली आडवी रेघ आणि 'ट'खाली तीन टिंबांचा त्रिकोण दिला की होतो 'मात्ते', म्हणजे काठी. हिब्रू परंपरा म्हणते याकोब बिछान्याच्या उशाशी वाकला. जुन्या ग्रीक भाषांतरकारांपुढे टिंबं नव्हती. त्यांनी काठी वाचली, आणि नव्या करारातही काठीच आली. एका म्हाताऱ्याच्या हातात काठी द्यायची की त्याला बिछान्यावर निजवायचं, ते शाईच्या दोन-तीन ठिपक्यांवर ठरलं.

या टिंबारेघांना म्हणतात निक्कूद. सोळाव्या शतकातल्या बहुतेक ज्यूंची श्रद्धा होती की ती अक्षरांइतकीच जुनी. कुणी म्हणे सिनाय पर्वतावर मोशेला अक्षरांबरोबरच मिळाली, कुणी म्हणे निदान एज्रा या जुन्या शास्त्र्याच्या काळी दिली गेली. आणि 1538 मध्ये बॉम्बर्गच्या छापखान्यातून एलियाहूचं 'मासोरेत हा-मासोरेत' बाहेर पडलं. त्यात त्याने सरळ लिहिलं की ही टिंबं तालमूद पूर्ण झाल्यानंतरची आहेत. तिबेरियस गावच्या मासोरा पंडितांनी, म्हणजे पाठ सांभाळणाऱ्या माणसांनी, ती बसवली.

त्याचे पुरावे बघितले की कळतं, हा माणूस पानं चाळणारा नव्हे, ओळी मोजणारा. एवढा अवाढव्य तालमूद, त्यात एकेका शब्दाच्या वाचनावरून वाद, पण टिंबांची नावं एकदाही येत नाहीत. ती नावंही, पताख, कामात्स वगैरे, शुद्ध हिब्रू नव्हेत, अरामी वळणाची. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, वाचायची धर्मग्रंथाची गुंडाळी आजही बिनटिंबांची. आणि मग तालमूदमधलाच तो भयंकर किस्सा तो पुढे करतो. दावीद राजाचा सेनापती योआब अदोममधले फक्त पुरुष मारून परत आला. राजाने विचारलं, असं का? तो म्हणाला, अमालेक या शत्रुजमातीचा 'झाखार' पुसून टाक असं लिहिलंय ना! झाखार म्हणजे पुरुष. राजा म्हणाला, अरे, आम्ही तर 'झेखेर' वाचतो, म्हणजे नामोनिशाण. योआब म्हणाला, माझ्या गुरुजींनी मला झाखार शिकवलं. आणि तलवार उपसून गुरुजींना गाठायला गेला. एलियाहूचं म्हणणं एवढंच की त्या वेळी पोथीत टिंबं असती, तर हा घोटाळा झालाच नसता.

मी हा किस्सा वाचला त्या दिवशी आमच्या कंपोझिटरला सांगितला. तो म्हणाला, "बाई, चितेवर फोनच आला तुम्हाला. नशीब समजा."

पण एलियाहू जे म्हणाला नाही तेही तितकंच महत्त्वाचं आहे. टिंबं नंतरची, म्हणून उच्चार नंतरचे असं तो कुठेही म्हणत नाही. उच्चार पिढ्यान्‌पिढ्या तोंडातून कानात आलेले, पंडितांनी त्यांना खुणा दिल्या, एवढंच. आणि त्या पंडितांवर त्याचा जीव होता. कुठला शब्द किती वेळा येतो, कुठे भरघोस अक्षरांत लिहिलाय, कुठे अक्षर गाळून, अशा हजारो बारीक नोंदी त्यांनी समासात संक्षेपाने करून ठेवल्या होत्या. त्या वाचायच्या कशा हे सांगण्यासाठीच त्याचं पुस्तक आहे. टिंबांचा बॉम्ब त्याच्या प्रस्तावनेत आहे. संक्षेपांच्या प्रकरणाला त्याने नाव दिलंय 'फुटक्या पाट्यांचं'. मोशेने फोडलेल्या दगडी पाट्या आणि अर्धेमुर्धे तोडून लिहिलेले शब्द! समासातल्या खुणांवर इतकं प्रेम मी दुसऱ्या कुणाच्या लिखाणात पाहिलं नाही.

टिंबं माणसांनी दिली म्हटल्यावर त्याच्या लोकांना ती हलकी झाल्यासारखी वाटली. मला नेमकं उलट वाटतं, आणि त्याला कारण माझ्या आजीची पोथी आहे. तिच्यात 'नांव', 'पांच', 'कांहीं', 'त्यांत' असं टिंबांचं चांदणं पडलेलं असायचं. 1962 मध्ये महामंडळाचे लेखननियम सरकारने मान्य केले आणि उच्चारात न येणारे अनुस्वार गेले. बैठका झाल्या, वाद झाले, माणसांनी मिळून ठरवलं, आणि एका पिढीत आकाश रिकामं. आजी म्हणायची, "हल्लीची पुस्तकं मुंडावळ्या काढल्यासारखी दिसतात." आणि 'केलें'मधलं जे टिंब नियमाने काढलं, तेच आज मी या लेखात 'केलं' लिहिताना बोलीच्या नावाखाली परत देतेय. म्हणजे टिंबं देणारे आणि काढणारे आम्हीच. कुणीतरी बसून, डोळे फोडून, ठरवून दिलेलं ते टिंब आभाळातून पडलेल्या टिंबापेक्षा मला तरी जास्त जपावंसं वाटतं.

युरोपाला मात्र हे इतकं निवांतपणे घेणं शक्य नव्हतं. प्रोटेस्टंट म्हणत होते, परंपरा नको, पोपही नको, नुसता ग्रंथ पुरे. कॅथलिकांना एलियाहूच्या रूपाने आयतं कोलीत मिळालं. ग्रंथ पुरे म्हणता, आणि त्यातले स्वर तर ख्रिस्तानंतर शेकडो वर्षांनी ज्यू पंडितांनी दिलेले! बाझेलच्या बुक्सटॉर्फ या प्रोटेस्टंट हिब्रू पंडिताने 1620 मध्ये टिंबांच्या प्राचीनतेची बाजू लढवली, फ्रेंच प्रोटेस्टंट लुई कापेलने 1624 मध्ये एलियाहूची बाजू उचलली, मग बुक्सटॉर्फचा मुलगा मैदानात उतरला. शेवटी 1675 मध्ये स्विस चर्चांनी स्वरटिंबं ईश्वरप्रेरित आहेत असं आपल्या धर्मपत्रकातच घालून टाकलं. प्रूफवाल्याच्या एका प्रस्तावनेवर सव्वाशेहून जास्त वर्षं भांडण! आज विद्वान त्याच्याच बाजूने आहेत.

त्याच्या स्वतःच्या माणसांची तक्रार वेगळीच होती. परधर्मीयांना आपली विद्या का शिकवतोस? त्यानेही आडपडदा ठेवला नाही. मी शिकवतो ते व्याकरण, आणि माझे हे विद्यार्थी सज्जन आहेत, आपल्या लोकांच्या अडचणीला उभे राहतात, असं त्याचं उत्तर. पोटाचा प्रश्न होता हेही खरं, आणि त्यात लाजण्यासारखं काय?

त्या विद्यार्थ्यांपैकी एकाला तुम्ही पाहिलंही असेल. लंडनच्या नॅशनल गॅलरीत होल्बाइनचं 1533 चं 'दोन राजदूत' म्हणून प्रसिद्ध चित्र आहे; मध्ये तार तुटलेलं ल्यूट, पायाशी तिरकी ताणलेली कवटी. त्यातला उजवीकडचा, लांब झग्यातला तरुण म्हणजे जॉर्ज द सेल्व्ह, लाव्होरचा बिशप. पुढे तो व्हेनिसला फ्रान्सचा वकील झाला आणि एलियाहूकडे हिब्रू शिकला. एलियाहू वीसहून अधिक वर्षं एक प्रचंड शब्दसूची करत होता, बायबलातला एकेक शब्द मासोरा नोंदींसह. द सेल्व्हने खर्च उचलला, हस्तलिखित छापायला पॅरिसला गेलं. ते छापलं गेलंच नाही. 1541 मध्ये द सेल्व्ह वारला. हस्तलिखित अजून पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. फ्रान्सच्या राजाने, पहिल्या फ्रान्स्वाने, एलियाहूला अध्यापकाचं आसन देऊ केलं होतं. फ्रान्समधून ज्यूंना 1394 मध्येच हाकललेलं. अख्ख्या राज्यात आपण एकटे ज्यू असू, हे ओळखून तो नको म्हणाला. पुस्तक गेलं तिथे लेखक जाऊ शकला नाही.

बॉम्बर्गचा छापखाना थंडावल्यावर, सत्तरी ओलांडलेला हा म्हातारा 1540 मध्ये आल्प्स पार करून दक्षिण जर्मनीत इस्नीला गेला. पाउल फागियुस नावाच्या पाद्र्याने तिथे हिब्रू छापखाना घातला होता. पुढच्या दोन वर्षांत धडाधड पुस्तकं निघाली. अरामी शब्दकोश, चार भाषांची शब्दावली, तरुणपणचा तो बोवोसुद्धा 1541 मध्ये तिथेच छापला. आणि 'तिश्बी' नावाचा कोश. तिश्बी म्हणजे तिश्बे गावचा, हे एलियाहू हन्नाबीचं बिरुद. या अक्षरांची बेरीज 712, म्हणून कोशात शब्द बरोबर 712. मी ते वाचलं आणि मला पोह्यांवरच्या ओल्या खोबऱ्याचा वास आला.

शेवटी तो व्हेनिसला परतला आणि जानेवारी 1549 मध्ये गेला. लिदो बेटावरच्या ज्यू दफनभूमीत त्याचा दगड आहे. व्याकरणाचा अंधार याने उजळला, असं त्यावर कोरलंय.

पुढचं सांगू नये असं वाटतं, पण गाळलं तर माझ्याच धंद्याला बट्टा लागेल. त्याचे दोन नातू कॅथलिक झाले. एक जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या एका पंथाचा पाद्री, होऊन इजिप्त-लेबनॉनकडे धर्मकार्याला गेला. दुसरा, व्हित्तोरियो एलियानो. 1559 मध्ये क्रेमोनाला तालमूदच्या प्रती जाळल्या, त्या खटल्यात तालमूदविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत तो होता. आजोबांनी ज्या छापखान्यात डोळे घालवले त्या छापखान्याची कीर्ती ज्या ग्रंथावर, तोच हा ग्रंथ. आणि त्याच क्रेमोनात, त्याच सुमाराला, 'झोहार' हा कबालाचा ग्रंथ छापला जात होता, तर त्याची प्रुफं तपासणाऱ्यांत पुन्हा हाच व्हित्तोरियो. हे माझ्या डोक्यात बसत नाही. आजोबांकडून व्याकरण घेतलं आणि त्याच विद्येवर पुस्तक जाळायला मदत केली, छापायलाही केली.

मागच्या पावसाळ्यानंतर अलिबागला गेले होते. मावशी आता नाहीत, त्यांची मुलं इस्रायलला. त्यांच्या ओळखीच्या एका काकांना फोन करून शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये गेले. माणसं मोजकी. हेखाल, म्हणजे गुंडाळ्या ठेवायचं पवित्र कपाट, उघडून गुंडाळी बाहेर काढली, वाचायच्या मंचावर ठेवून उलगडली. मला दुरूनच बघायचं होतं, पण काकांनी खुणेने थोडं पुढे बोलावलं. चामड्यावर काळीभोर अक्षरं, आणि टिंब नावालाही नाही. परदेशातून सुट्टीवर आलेला एक मुलगा वाचत होता. चांदीच्या बारीक बोटाने एकेक शब्द दाखवत, सुरात. बाकी सगळे बाकांवर छापील पुस्तकं उघडून बसलेले. त्यांच्या पुस्तकांत टिंबं होती. मला एक अक्षर कळत नव्हतं, नुसता सूर ऐकत होते.

मध्येच मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्यांनी पुस्तकातून मान वर न करता एक शब्द मोठ्याने म्हटला. मुलगा थांबला. बोट अर्धा इंच मागे घेतलं, तोच शब्द पुन्हा म्हटला, या वेळी म्हाताऱ्यांसारखा, आणि पुढे गेला.